पाच सुतांचा वस्तरा

मास्तरांनी त्याच्या चेहऱ्याला फेस लावला, वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर खालीवर फिरवला, डाव्या कानाजवळ दोन बोटं टेकवून गालाची कातडी ताणली, आणि मग काहीच झालं नाही. तो डोळे मिटून वाट बघत राहिला. गेली बावीस वर्षं, आठवड्यातून तीनदा, तो या खुर्चीत डोळे मिटूनच बसत आला होता आणि मिटल्या डोळ्यांमागे सगळं ठरल्यासारखं व्हायचं. आधी बोटं, मग पात्याचा गार स्पर्श, मग कानाजवळून हनुवटीकडे उतरत जाणारा बारीक खरखरता आवाज, कोणीतरी फार लांब वाळकी पानं झाडत असल्यासारखा. आज बोटं आली आणि पातं आलंच नाही. गालावरच्या फेसातले बुडबुडे फुटताना ऐकू यायला लागले. मास्तरांच्या नाकावर माशी बसली असेल, त्याला वाटलं. किंवा शिंक येत असेल, आणि हातात वस्तरा असताना शिंकेसाठी थांबणारा माणूस शहाणाच म्हणायचा. मग त्याने एक डोळा किलकिला केला. छतावर पात्यावरून उडालेला उजेडाचा कवडसा पडला होता, कोटाच्या बटणाएवढा, आणि तो एका जागी राहायला तयार नव्हता.

“साहेब,” मास्तर म्हणाले, “हात कापतोय.”

तो ताडकन उठून बसला. “कुठे कापला? बघू. रक्त आलंय का?”

“कापला नाही. कापतोय.” आणि मास्तरांनी उजवा हात पुढे केला.

एका शब्दात एवढी मोठी गल्लत मावू शकते हे निदान त्याच्या तरी लक्षात यायला हवं होतं. जमीनमोजणीच्या कचेरीत तो नकाशे तपासायचा आणि एका कान्यामात्रेपायी दोन सख्ख्या भावांची डोकी फुटलेली त्याने कागदोपत्री पाहिली होती. पण त्या क्षणी तो फक्त मास्तरांच्या हाताकडे बघत राहिला. हात चांगला होता. स्वच्छ, लांब बोटांचा, नखं कापलेली. फक्त कोणीतरी आतून दार हलवत असावं तसा हलत होता. “डॉक्टर म्हणतात, हे आता असंच. वाढेल, कमी व्हायचं नाही,” मास्तर म्हणाले. “म्हणजे बरा होणार नाही?” त्याने विचारलं. “हात बराच आहे, साहेब. फक्त माझं ऐकत नाही.” असं म्हणून त्यांनी वस्तरा मिटला, ओल्या टॉवेलने त्याच्या तोंडावरचा फेस हलक्या हाताने टिपून घेतला आणि टॉवेलची घडी घालून ती काउंटरवर ठेवली. घडी घालायला त्यांना फार वेळ लागला. बावीस वर्षांत मास्तर त्याच्याशी एका दमात एवढं कधी बोलले नव्हते. खरं म्हणजे म्हणूनच त्याने हे दुकान धरलं होतं. बाकीच्या दुकानांत राजकारण होतं, रेडिओ होता, डोकं धरून अंगाला हिसका देणारे होते. इथे एक खुर्ची, एक आरसा आणि एक न बोलणारा माणूस.

तो दाढी न करताच कचेरीत गेला आणि दिवसभर आपल्याला चेहरा आहे ही गोष्ट त्याला विसरता आली नाही. एरवी चेहऱ्याची आठवण यायचं त्याला कारण नसायचं. नकाशावर वाकलं की गाल कॉलरला घासत होते. घाम आला की खुंट चुणचुणत होते. दुपारी हात धुताना त्याने बेसिनवरच्या आरशात पाहिलं आणि एक विचित्र गोष्ट त्याच्या ध्यानात आली. त्याने स्वतःच्या चेहऱ्याला आयुष्यात फारसा हात लावलेला नव्हता. लहानपणी आई ओल्या पंच्याने तोंड खसाखसा पुसायची, जणू तोंडाखालून दुसरं, बरं तोंड निघणार होतं. शाळेत गणिताच्या सरांनी उजवा गाल आपलासा केला होता. सोळाव्या वर्षी मामाने दंडाला धरून नेलं आणि एका खुर्चीत बसवलं, तेव्हापासून ओठांपासून गळ्यापर्यंतचा सगळा मुलूख परक्या हातांत गेला. पहिली काही वर्षं बायको हनुवटीला धरून तोंड आपल्याकडे वळवायची, मग तिला ते न धरताही वळवता यायला लागलं. कचेरीच्या भाषेत सांगायचं तर मालकी त्याची आणि वहिवाट दुसऱ्यांची. आणि गेली बावीस वर्षं या जमिनीवर फक्त मास्तरांचा हात फिरला होता. त्याला एकदम भरून आल्यासारखं झालं आणि मग स्वतःची लाज वाटली. माणूस दाढीसाठी रडतो हे कोणाला सांगायची सोय नव्हती.

“एवढंच ना?” बायको म्हणाली. ती इस्पितळातल्या औषधांच्या खिडकीत बसायची आणि दिवसभर लोकांना कोणती गोळी जेवणाआधी आणि कोणती नंतर हे सांगून सांगून तिला प्रत्येक गोष्टीचं उत्तर दोन ओळींत द्यायची सवय झाली होती. दुसऱ्या दिवशी तिने निळ्या प्लास्टिकचं रेझर आणून दिलं, तीन पात्यांचं. त्याने ते वापरलं. चार मिनिटांत दाढी झाली. अगदी गुळगुळीत झाली, पण ती होत असताना आपण तिथे नव्हतो असं त्याला वाटत राहिलं. कोणीतरी खोली झाडून गेलं होतं आणि तो बाहेर उभा होता. तिसऱ्या दिवशी गळ्यावर पुरळ उठलं. पुरळाचं त्याला बरंच वाटलं, कारण सांगायला कारण मिळालं. जेवताना तो म्हणाला, “मी वस्तरा घ्यायचा म्हणतोय.”

बायकोने घास खाली ठेवला. “कसला वस्तरा?”

“वस्तरा. दाढीचा. उघडमिटीचा.”

“तुला परवा आंबा कापताना लागलं,” ती म्हणाली, मग क्षणभर थांबून, “आणि त्याआधी पाकीट फोडताना. कागदाचं पाकीट. माकडाच्या हाती कोलीत द्यायला मी काही वेडी नाही.”

“देत कोण आहे? मी घेणार आहे.”

रात्रीची भांडी आवरायच्या आधी तिने आपल्या भावाला फोन लावला आणि नवऱ्याच्या हातात दिला. त्याचा हा मेहुणा जगातल्या कुठल्याही विषयावर पंधरा मिनिटं बोलू शकायचा आणि सोळाव्या मिनिटाला त्याचं ते आपण स्वतः केल्याचं ठरायचं. “भावोजी,” तो म्हणाला, “अवघड काही नाही. आधी फुग्यावर शिकायचं. फुगा फुगवायचा, फेस लावायचा, वरून वस्तरा फिरवायचा. फुगा फुटला नाही की तुम्ही तयार. मी आठवड्यात शिकलो होतो.” मेहुण्याला दाढी होती, छातीपर्यंत, कॉलेजपासूनची. पण हे विचारायचं त्याला सुचलं तोवर फोन बंद झाला होता.

शनिवारी दुपारी कचेरी सुटल्यावर तो सुऱ्या-कात्र्यांच्या दुकानात गेला. जुन्या बाजारपेठेत, चष्म्याच्या आणि कुलुपांच्या दुकानांच्या मधोमध ते होतं. आत एक साठीची बाई स्टुलावर बसून शिंप्याच्या कात्रीचा स्क्रू घट्ट करत होती. तिने वर न बघता विचारलं, “काय हवं?” आणि त्याच्या तोंडून शब्द निघाले ते असे: “मित्राला एक वस्तरा हवाय.” मित्र कुठून आला त्याला समजलं नाही. कदाचित पंचेचाळिसाव्या वर्षी पहिला वस्तरा घेणं म्हणजे पंचेचाळिसाव्या वर्षी सायकल शिकण्यासारखं होतं, लोकांना गंमत वाटते आणि आपल्याला खरचटतं. बाईने काचेखालचा मखमलीचा ट्रे काढला आणि त्यात सहा वस्तरे ओळीने झोपलेले होते.

“मित्राने आधी कधी वापरलाय?”

“नाही. म्हणजे दुसऱ्यांनी त्याच्यावर वापरलाय.”

“दाढी राठ की मऊ?”

त्याचा हात आपोआप गालाकडे गेला. बाईने ते पाहिलं. “मध्यम,” तो म्हणाला. “मित्राची मध्यम आहे.”

“मग हा न्या,” ती म्हणाली आणि तिने काळ्या मुठीचा एक अगदीच सामान्य वस्तरा पुढे सरकवला. “पाच सुतांचं पातं आहे. टोक गोल. नवशिक्याला गोल टोक बरं, कान वाचतात. पातं दोन्ही बाजूंनी घासून थोडं खोलगट केलंय, फार पातळही नाही. फार पातळ असलं की ते लवतं आणि शिकणारा घाबरतो. जाड असलं की हाताला काही कळत नाही.” तिचं म्हणणं त्याला पटत होतं. पाच सूत म्हणजे इंचाचे पाच अष्टमांश, त्याचं डोकं हिशेब करून मोकळंही झालं होतं. पण त्याचे डोळे ट्रेच्या दुसऱ्या टोकाला गेले होते. तिथे शिंगाच्या मुठीचा, मधाच्या रंगाचा, सात सुतांचा एक वस्तरा होता. टोक सुईसारखं. तो उघडला तेव्हा पात्यात त्याला स्वतःचा एकच डोळा दिसला, लांबुळका आणि धाडसी. आपल्या चेहऱ्यात इतकं देखणं काही असू शकेल असं त्याला वाटलं नव्हतं. बायकोने त्याला पहिल्यांदा नाट्यगृहाच्या जिन्यात पाहिलं तेव्हा तो कसा दिसत असेल, याचा त्याने कधी विचार केला नव्हता. तो आता, सुऱ्या-कात्र्यांच्या दुकानात, भर दुपारी, केला.

“हा नवशिक्याचा नाही,” बाई म्हणाली.

“मित्र हौशी आहे,” तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं, वस्तरा पेटीत घातला, धार लावलेली आहे असं सांगितलं, सोबत चामड्याचा पट्टा दिला आणि दारापर्यंत आल्यावर म्हणाली, “मित्राला सांगा, हौसेला कातडी नसते. मित्राला असते.”

रविवारी सकाळी त्याने न्हाणीघराची कडी लावली आणि पहिला फुगा फुगवला. लाल. फेस लावल्यावर तो गरगरीत गालासारखा दिसायला लागला, कचेरीतल्या वरिष्ठांच्या. त्याने वस्तरा उघडला, तीस अंशाचा कोन मनात धरला, कारण तेवढं त्याने वाचलं होतं आणि कोन त्याच्या हाताखालचे होते. पातं टेकवलं. आवाज इतका मोठा झाला की टाइल्सवरून तो परत त्याच्याच अंगावर आला.

“आत काय चाललंय?” बाहेरून बायको.

“दाढी.”

त्याने निळा फुगवला. निळा टोक लागून गेला. हिरवा अर्ध्यापर्यंत आला, म्हणजे फेसाचा एक लांब सरळ पट्टा निघाला आणि त्याखालून हिरवं, ओलं, घाबरलेलं रबर दिसलं, आणि त्या क्षणी त्याला मास्तरांची कीव आली आणि आदर वाटला आणि भीती वाटली, कारण तीन हजार वेळा तो असाच डोळे मिटून ताणलेला बसला होता आणि एकदाही फुटला नव्हता. तेवढ्यात हिरवा फुटला. सातव्या फुग्यानंतर त्याने कडी काढली. बायको दाराबाहेर भिंतीला टेकून उभी होती. एका हातात कापसाचं बंडल, दुसऱ्या हातात जंतुनाशकाची बाटली. तिने त्याचा चेहरा डावीकडून उजवीकडे तपासला, बोटं मोजली. “धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंस?” तिने विचारलं. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती आणि त्यामुळे तो जास्त ओशाळला.

फुगे फोडून माणूस शिकत नाही, फार तर शेजारी जागे होतात. सोमवारी तो वस्तऱ्याची पेटी घेऊन मास्तरांकडे गेला. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. वाकून आत गेला तर मास्तर गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले होते, आरशाकडे पाठ करून. पहिल्यांदा त्याला दिसलं ते त्यांचं तोंड. मास्तरांच्या गालांवर आठ दिवसांची पांढरी दाढी वाढली होती. चपराशाच्या अंगात गणवेश नसावा तसे ते अपुरे दिसत होते. मग त्याने पेटी उघडून पुढे धरली.

मास्तरांनी वस्तरा हातात घेतला नाही. मान कलती करून नुसता बघितला. “हा फार सुंदर आहे,” ते म्हणाले. “यानं काय कापलंत?”

“फुगे.”

मास्तरांचे खांदे हलायला लागले. त्याला वाटलं हाताचं दुखणं वर चढलं. मग कळलं की ते हसतायत. बावीस वर्षांत त्याने हे कधी पाहिलं नव्हतं. ते बिनआवाजी हसत होते, डोळ्यांतून पाणी काढत. “साहेब,” ते शेवटी म्हणाले, “फुग्याला हाड असतं का? वस्तरा हाडाच्या आधारानं चालतो. फुग्यावर माझासुद्धा चालायचा नाही.”

“मग तुमचाच एखादा वस्तरा द्या मला. तुम्हाला आता...” आणि तो थांबला, कारण वाक्याचा उरलेला भाग त्याला समोर दिसला.

मास्तरांनी तो भाग जणू ऐकलाच नाही. “माझे वस्तरे माझ्या हाताला झिजलेत. दुसऱ्याच्या घरी ते नांदायचे नाहीत. चला, दुकान दाखवा.” त्यांनी डोक्यावर टोपी घातली, आठ दिवसांच्या दाढीला हात लावून बघितला आणि टोपी आणखी खाली ओढली.

रस्त्याने दोघं एकमेकांशेजारून चालले आणि त्याला फार अवघडल्यासारखं झालं. मास्तरांना त्याने उभं, आणि स्वतःला बसलेलं, असंच ओळखलं होतं. शेजारी चालताना मास्तर त्याच्या खांद्यापर्यंतच येत होते. मास्तर कुठे राहतात, घरी कोण आहे, काही काही त्याला ठाऊक नव्हतं, आणि विचारावं तर बावीस वर्षं उशीर झाला होता. आता कोणत्या तोंडाने विचारणार? तोंड तर सगळं त्यांनीच घडवलेलं. “थोरली मुलगी परगावी असते,” मास्तर वाटेत आपणहून म्हणाले, “म्हणते, इकडे या. तिकडे जाऊन मी काय करू? तिचा नवरा निळ्या प्लास्टिकनं दाढी करतो.” त्याची मान खाली गेली.

दुकानातल्या बाईने त्याला ओळखलं. मग तिने मास्तरांकडे पाहिलं, पांढऱ्या खुंटांकडे, टोपीकडे. “हेच का ते मित्र?” तिने विचारलं.

जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं. मास्तर त्याच्याकडे वळून बघत होते. त्यांना या भानगडीतलं काही माहीत नव्हतं. गिऱ्हाईक आणि कारागीर यांच्यात जी एक रेघ असते तशी तो रोज नकाशांवर तपासायचा, लाल शाईची. मास्तर थोडा वेळ त्या रेघेवर उभे राहिले. मग त्यांनी टोपी काढली. “हो,” ते म्हणाले.

“मग कोणता घ्यायचा ते तुम्हीच सांगा त्यांना,” बाई म्हणाली आणि तिने तो मखमलीचा ट्रे पुन्हा काढला.

मास्तरांनी सवयीने हात पुढे केला आणि एक वस्तरा उचलला. उघडला तसा तो काचेवर टिकटिक वाजायला लागला, टेलिग्राफसारखा. बाईने हाताकडे पाहिलं आणि लगेच नजर कात्रीकडे वळवली, जणू कात्री हाक मारत होती. मास्तरांनी वस्तरा होता तिथे ठेवला. सरळ ठेवला, बाकीच्यांच्या ओळीत. तेव्हा त्याच्या मनात आलं की पेटी घेऊन पळून जावं, दाढी वाढवावी, मेहुण्यासारखी छातीपर्यंत, आणि हा सगळा विषय तिच्याआड झाकून टाकावा. पण मास्तर म्हणाले, “तुम्ही उचला, साहेब. मी बघतो.”

त्याने उचलला. “मिटलेला तळहातावर ठेवा. आता उघडा. जड कुठे लागतंय?” “पात्याकडे.” “मग तो खाली ठेवा. तुम्हाला मनगट नाही, तो तुम्हाला ओढत नेईल. दुसरा घ्या.” एकेक करून पाचही झाले. एकाचं टोक मास्तरांना पसंत नव्हतं, एकाच्या मुठीचा खिळा सैल होता. एक त्याच्या हातात चांगला बसला, पण मास्तरांनी त्याला अंगठ्याच्या नखाने पात्याच्या कडेला हळूच छेडायला लावलं आणि आलेला आवाज ऐकून मान हलवली. “हा बहिरा आहे.” शेवटी काळ्या मुठीचा राहिला, पाच सुतांचा, गोल टोकाचा, बाईने पहिल्या दिवशी पुढे सरकवलेला. त्याने छेडला. बारीक, स्वच्छ आवाज आला आणि थोडा वेळ काचेवर रेंगाळला. मास्तरांनी डोळे मिटले होते. “हा,” ते म्हणाले. “दिसायला शाळेतल्या पट्टीसारखा आहे, पण खोटं बोलणार नाही.” बाईने सात सुतांचा वस्तरा परत घ्यायला नकार दिला. भिंगातून तिने त्याची कड बघितली आणि म्हणाली, “याला रबराचा वास येतो. ठेवून द्या. पाच वर्षांनी मित्राला द्या.”

रविवारी मास्तर घरी आले. न्हाणीघर दोन माणसांचं होतं आणि त्यात चार माणसं झाली. मास्तर उपड्या बादलीवर, तो आरशापुढे, बायको दारात कापूस आणि चिकटपट्ट्यांचा ट्रे घेऊन, आणि तिच्या मागून मेहुणा मान उंचावून. तो सहज आला होता. दाढी करणाऱ्याने आरशाच्या बाजूला एक ट्रेसिंगचा कागद चिकटवला होता. चार संध्याकाळी खपून, बोटाने आणि भिंगाने, त्याने स्वतःच्या चेहऱ्याचा नकाशा काढला होता. केस कोणत्या भागात कोणत्या दिशेला वाढतात ते बाणांनी दाखवलेलं, खाली मोजपट्टी, कोपऱ्यात उत्तर दिशा.

“हे काय,” मास्तर म्हणाले, “वादळ येणार आहे का?”

त्याने समजावून सांगितलं. मेहुणा हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी कागदाजवळ तोंड नेऊन तो बारकाईने वाचला, एखाद्याने गावाकडचा पत्ता वाचावा तसा. मग त्यांचं हलतं बोट उजव्या जबड्याखाली थांबलं. “इथे चुकलंय. इथे तुम्ही बाण खाली काढलेत. इथे तुम्हाला भोवरा आहे. बाण गोल करा.”

“भोवरा?” तो म्हणाला. “मला?”

“पहिल्या दिवसापासून. एका अंगानं गेलं की चार केस राहतात. मी शेवटी तिथे आडवा जायचो.”

पंचेचाळीस वर्षं या चेहऱ्याला तो स्वतःचं नाव लावत आला होता. त्याने पेन्सिल घेतली आणि बाण गोल केला. मग गरम पाण्याचा टॉवेल झाला, फेस झाला, पट्टा झाला. वस्तरा उघडून त्याने डाव्या कानाजवळ दोन बोटं टेकवली, तशीच, जशी मास्तर टेकवायचे, आणि बोटांखाली त्याला गरम, जिवंत काहीतरी लागलं. आपणच असणार, त्याला वाटलं. “आडवा धरा. अजून आडवा. आता दाबू नका. पडू द्या त्याला.” पातं उतरलं. तो आवाज आला, वाळकी पानं झाडल्याचा, पण आता लांबून नाही, कानाच्या आतून. आणि यावेळी डोळे मिटायची सोय नव्हती म्हणून त्याला आरशात ते दिसलं. त्याच्या खांद्यामागे बादलीवर बसलेले मास्तर तोंड वेंगाडत होते. त्याचं पातं गालावरून उतरलं की मास्तरांचा गाल ताणला जायचा, तो ओठाजवळ आला की मास्तर वरचा ओठ नाकाखाली दुमडून घ्यायचे, तो हनुवटीला आला की यांची हनुवटी पुढे. आई बाळाला भरवताना स्वतःच आ करते ना, तसं. बावीस वर्षं, आपल्या मिटल्या डोळ्यांपुढे, हे चालू होतं. त्याला हसू आलं आणि हसू आलेल्या गालावर वस्तरा चालत नाही हे त्याला लगेच समजलं.

“लागलं,” मेहुणा म्हणाला. “लागलं, लागलं. मी सांगतो काय करायचं.”

“तू बाहेर हो,” बायको त्याला म्हणाली आणि कापूस घेऊन पुढे झाली. तिने नवऱ्याची हनुवटी धरली, तोंड आपल्याकडे वळवलं आणि रक्ताचा थेंब टिपला. टिपून झाल्यावरही तिने हनुवटी लगेच सोडली नाही. तो तसाच, अर्धा फेसात आणि अर्धा उघडा, उभा राहिला.

एकूण दोन जखमा झाल्या आणि पन्नास मिनिटं लागली. मास्तरांनी उठून आपल्या बोटांनी त्याच्या गालावरून, जबड्यावरून, उलट दिशेने हात फिरवला. बोटं थरथरत होती, पण त्याला ते पात्यासारखं नाही तर कोणी घाईत काहीतरी शोधत असल्यासारखं लागलं. बोटं जबड्याखाली येऊन थांबली. “इथे राहिलंय,” मास्तर म्हणाले.

त्यानंतर सोमवारी, बुधवारी आणि शनिवारी, सकाळी सातच्या सुमाराला, मास्तर यायला लागले. बादलीवर बसायचे, चहा घ्यायचे, मुलीचं पत्र वाचून दाखवायचे, आणि दाढी झाली की हात फिरवून म्हणायचे, “इथे राहिलंय.” मास्तरांच्या पांढऱ्या दाढीला मात्र कोणी हात लावला नाही. ती वाढत राहिली आणि पुढे शोभायला लागली. पहिले तीन आठवडे तो जीव मुठीत धरून वस्तरा चालवायचा. चौथ्या आठवड्यात जीव सुटला आणि मूठ राहिली. सहाव्या आठवड्यातल्या शनिवारी मास्तरांनी त्याच्या गालावरून, गळ्यावरून, जबड्याखालून बोटं फिरवली, पुन्हा फिरवली, आणि काही बोलले नाहीत. त्यांचा हात हवेत थोडा वेळ तसाच राहिला. “जमलं तुम्हाला,” ते म्हणाले. त्यांनी चहा संपवला, बायकोला येतो म्हणाले आणि जिना उतरताना कठड्याला धरून उतरले. सोमवारी ते आले नाहीत. त्याने फेस लावला, वाट बघितली, फेस सुकला, पुन्हा लावला. दाढी उत्तम झाली. इतकी उत्तम झाली की त्याला कचेरीत नकाशावर वाकताना काहीच टोचलं नाही, आणि दुपारपर्यंत त्याला स्वतःचा चेहरा पुन्हा आठवेनासा झाला.

संध्याकाळी त्याने मास्तरांना फोन केला. “का आला नाहीत?”

“आता माझं काय काम, साहेब?”

रस्त्यावरून गाड्या जात होत्या. तो खोटं बोलण्यात कधीच पटाईत नव्हता, त्याच्या मित्रालाही ते चांगलं जमलं नव्हतं. “ते भोवऱ्याचं जमत नाही,” तो म्हणाला. “राहतंय. मला दिसत नाही तिथलं.”

“आडवं जायचं सोडून सरळ जात असाल,” मास्तर म्हणाले. “येतो बुधवारी.”

बुधवारी त्याने सगळी दाढी नेहमीसारखी केली आणि जबड्याखाली आला तेव्हा पातं उचललं, पेन्सिल उचलावी तसं, आणि चार केस ठेवून पलीकडे टेकवलं. मास्तरांचं बोट गालावरून सरळ तिथेच गेलं. ते वाकले, चष्मा वर केला आणि बराच वेळ बघत राहिले. चुकून राहिलेले केस विस्कटलेले असतात. हे चौघे नकाशातल्या मोजणीच्या दगडांसारखे एका ओळीत उभे होते. चारी बाजूंची कातडी आरशासारखी साफ. आंधळ्यालाही कळलं असतं. 

“इथे राहिलंय,” मास्तर म्हणाले आणि बादलीवर नीट सावरून बसले.

बायको चहा घेऊन दारात आली. तिने नवऱ्याचा जबडा पाहिला, मास्तरांकडे पाहिलं. “अजून किती दिवस शिकवणं चालणार, मास्तर?”

मास्तरांनी कप दोन्ही हातांनी घेतला, त्यातला चहा स्थिर होईपर्यंत थांबले आणि म्हणाले, “काही सांगता येत नाही, ताई. साहेबांचा हात जड आहे.”